छातीच्या ऑपरेशननंतरचं पथ्य: प्रत्येक सूचनेमागचा इतिहास

गेल्या वर्षीची गोष्ट. श्रावण सरत आला होता, गणपती पंधरा दिवसांवर होते. एक तेवीस वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. त्यानं मुद्दाम शेवटचा नंबर मागून घेतला होता. आत आल्यावर दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि मगच शर्टाची बटणं काढली. छातीची डावी बाजू उजवीपेक्षा बरीच फुगलेली होती. कातडी ताणलेली, खालच्या बाजूला जांभळट डाग.

नऊ दिवसांपूर्वी त्याचं गायनेकोमॅस्टियाचं, म्हणजे पुरुषांमधल्या वाढलेल्या स्तनांचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन उत्तम झालं होतं. घरी मात्र कोणालाच काही माहीत नव्हतं. ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं सांगून तो दोन दिवस बाहेर राहिला होता. सर्जननं दिलेला घट्ट प्रेशर व्हेस्ट त्यानं पाचव्या दिवशी काढून बॅगेच्या तळाशी ठेवला, कारण तो धुऊन दोरीवर वाळत घातला असता तर आईनं विचारलं असतं. आणि आठव्या दिवशी ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाऊन कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवला.

मला म्हणाला, "डॉक्टर, एक बनियन काढल्यानं एवढं होतं? कागदावर लिहिलं होतं सगळं. पण मला वाटलं, सगळ्यांना तसंच लिहून देतात."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना पेशंटला वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेसारख्या वाटत असतील तर त्यात चूक त्याची एकट्याची नाही. आम्ही 'काय करा' ते लिहितो, 'का' ते सांगायला वेळ काढत नाही. त्यातल्या प्रत्येक ओळीमागे मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात बऱ्याच पेशंटनी किंमत मोजलेली आहे. आज तोच इतिहास सांगतो. मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंट माझ्यासमोर बसतो, त्या खुर्चीतून हे लिहितोय.

लाज जुनी, ऑपरेशनही जुनं

'गायनेकोमॅस्टिया' हा शब्द ग्रीक आहे: बाईसारखी छाती. दुसऱ्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या गॅलन या ग्रीक वैद्याच्या नावाशी तो जोडला जातो. छातीवरची चरबी वाढणं वेगळं आणि आतली ग्रंथी वाढणं वेगळं, हा फरक त्याच्याही लक्षात आला होता. आजही तपासताना आम्ही आधी तेच पाहतो. निप्पलच्या मागे बोटांना रबरी चकतीसारखी कडक गोष्ट लागते का? लागली तर ग्रंथी. नुसतंच मऊ लागलं तर बहुधा चरबी.

ऑपरेशनचं स्पष्ट वर्णन सापडतं ते सातव्या शतकात. एजिना बेटावरचा पॉल हा बायझंटाईन वैद्य. त्यानं वैद्यकाचा सात भागांचा ग्रंथ लिहिला आणि सहावा भाग शस्त्रक्रियेला दिला. त्यात पुरुषांच्या वाढलेल्या छातीवर एक छोटं प्रकरण आहे. छातीच्या खाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा, आतली चरबी सोडवून काढायची, टाके घालायचे. छाती लोंबत असेल तर दोन कोरी अशा घ्यायच्या की त्यांची टोकं एकमेकांना मिळतील, आणि मधली जादा कातडी काढून टाकायची. चुकून कमी काढलं गेलं तर उरलेलं पुन्हा काढायचं. चौदाशे वर्षांपूर्वीचा माणूस 'रिव्हिजन'बद्दल लिहून गेला आहे.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यानं दिलेलं कारण. ही वाढ जिवावर बेतणारी नाही. पण तिच्यामुळे पुरुषाला बायकीपणाचा टोमणा सहन करावा लागतो, म्हणून ऑपरेशन करावं, असं त्याचं म्हणणं. त्या काळी भूल नव्हती. तरीही माणसं त्या सुरीखाली जायला तयार होत होती. त्यामुळे 'एवढ्याशा गोष्टीसाठी ऑपरेशन कशाला' असं घरात कोणी म्हणालं की मला हा पॉल आठवतो.

पुढे दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कोर्दोव्याजवळ राहणाऱ्या अल-झहरावीनं आपल्या तीस भागांच्या 'किताब अल-तसरीफ'मध्ये हेच ऑपरेशन घेतलं. १४६५ मध्ये अनातोलियातल्या अमास्या गावच्या शेरेफेद्दीन साबुंजुओग्लू या सर्जननं तुर्की भाषेत सचित्र शस्त्रक्रियाग्रंथ लिहिला, त्यातही ते आहे. म्हणजे आठशे वर्षं ही पद्धत एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

कापणाऱ्याइतकाच जपणारा महत्त्वाचा

ऑपरेशननंतरच्या काळजीबद्दल जुन्यातलं जुनं आणि सविस्तर लिखाण शोधायचं तर आपल्याला सुश्रुतसंहितेकडे यावं लागतं. सुश्रुतानं जखमेवर करायचे साठ उपक्रम सांगितले, पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार सांगितले. पण मला आवडतो तो सूत्रस्थानातला एकोणिसावा अध्याय. हा पूर्ण अध्याय जखमी माणसाला कसं सांभाळायचं यावर आहे. खोली स्वच्छ हवी, ऊन-वारा थेट येणारी नको. अंथरूण ऐसपैस हवं. दिवसा झोपू नये. आणि जवळ जिवाभावाची, गोड बोलणारी माणसं असावीत, त्यांनी गोष्टी सांगून त्याचं मन रमवावं.

दुसऱ्या एका ठिकाणी सुश्रुत बजावतो की जखम वरून भरली तरी अंगात पुरती ताकद येईपर्यंत व्यायाम आणि दगदग टाळा. 'भरलेली दिसते' आणि 'भरली आहे' यांत फरक असतो, हे त्याला ठाऊक होतं. ढोल वाजवणाऱ्या मुलाला हेच ठाऊक नव्हतं.

जाता जाता खाण्याचं. "भात खाल्ला की पू होतो" हे आपल्याकडे अजून घरोघरी ऐकू येतं. गंमत म्हणजे त्याच अध्यायात सुश्रुत जखमी माणसाला जुन्या तांदळाचा गरम भात तूप घालून, थोडा थोडा द्यायला सांगतो. आंबट, खारट, तिखट तो टाळायला सांगतो, ती समजूतही आपल्या घरांत टिकून आहे. आजच्या ज्ञानाप्रमाणे लिंबाच्या फोडीनं किंवा वाटीभर दह्यानं टाका पिकत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळ, उसळ, दूध, पनीर, अंडी, चालत असेल तर मासे-मटण. भातही खा.

नंतरच्या काळजीचा आणखी एक मौल्यवान पुरावा पुण्याच्या परिसरातला आहे. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा बैलगाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. पुढे पुण्याजवळच्या एका देशी कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. त्याची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीला तिथून चालना मिळाली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या वृत्तांतात ऑपरेशननंतरचं वेळापत्रकही आहे, त्याकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर लावून पाच-सहा थर ठेवायचे. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस पेशंटनं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाला जोडलेली कातडीची दांडी कापायची.

हे आजच्या डिस्चार्ज कार्डासारखंच वाटतं ना? त्या कारागिराला रक्तवाहिन्यांचं शास्त्र शिकवलेलं नव्हतं. पण वळवलेली कातडी जगायला किती दिवस लागतात आणि तोवर तिला हलवायचं नाही, हे त्याच्या हातांना माहीत होतं.

पू म्हणजे चांगलं लक्षण?

युरोपात मात्र कित्येक शतकं एक विचित्र समजूत होती: जखमेत पू होणं चांगलं, त्यातून दोष बाहेर पडतो. बंदुकीच्या जखमांमध्ये तर उकळतं तेल ओतत. १५३७ च्या सुमारास इटलीतल्या मोहिमेवर आंब्रोआझ पारे या तरुण फ्रेंच सर्जनकडचं तेल संपलं. नाइलाजानं त्यानं अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाईन कालवून लावलं. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी ही माणसं मेलेली सापडणार या भीतीनं. पहाटे जाऊन पाहतो तर तेल ओतलेले तापानं तळमळत होते आणि मलम लावलेले बऱ्यापैकी शांत झोपले होते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. दुखणं थांबलं, पण जखमा पिकतच राहिल्या. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक ॲसिड वापरायला सुरुवात केली आणि मग कुठे 'जखम न पिकता भरू शकते' हे डॉक्टरांना पटू लागलं. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये आजही कापूस आणि जाळीचा जाड पॅड 'गॅमजी' म्हणून मागितला जातो. ते नाव बर्मिंगहॅमच्या सॅम्पसन गॅमजी या सर्जनचं. १८८० मध्ये त्यानं तो पॅड तयार केला.

अँटिबायोटिक आल्यावर समजूत उलटली: जितके दिवस गोळ्या, तितकी जखम सुरक्षित. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन बर्क यांनी गिनिपिगवर प्रयोग करून दाखवलं की औषधाचा खरा उपयोग जंतू शिरण्याच्या वेळी ते रक्तात असेल तरच होतो. तीनेक तास उशिरा दिलं तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून आज छेद घेण्याआधी इंजेक्शन देतात. नंतर किती दिवस गोळ्या घ्यायच्या ते सर्जन सांगतील. "अजून पाच दिवस लिहून द्या ना, मनाला बरं वाटतं" अशी मागणी माझ्याकडे येते. मनाला बरं वाटेल, जखमेला फरक पडणार नाही.

व्रण लहान झाला, जखम तेवढीच राहिली

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पॉलच्या पेशंटच्या छातीवर हातभर कोरीचा व्रण राहायचा. आपल्याला मोठी जखम झाली आहे हे त्याला रोज दिसत होतं. विसाव्या शतकात सर्जननी हा व्रण लपवायला सुरुवात केली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या जेरोम वेबस्टर यांनी निप्पलभोवतीच्या काळसर भागाच्या कडेनं अर्धगोल छेद घेण्याची पद्धत मांडली. काळ्या-गोऱ्या कातडीच्या सीमेवर तो व्रण जवळपास मिसळून जातो. १९७३ मध्ये सायमन आणि सहकाऱ्यांनी वाढ किती आणि जादा कातडी किती यावरून प्रतवारी केली. ती आजही तुमच्या केसपेपरवर 'ग्रेड' म्हणून लिहिलेली दिसेल.

मग आलं लायपोसक्शन. १९७० च्या दशकात रोममध्ये फिशर पितापुत्रांनी आणि १९७७ पासून पॅरिसमध्ये इलूझ यांनी नळीनं चरबी ओढून काढण्याचं तंत्र विकसित केलं. १९८० च्या दशकात ते पुरुषांच्या छातीसाठी वापरलं जाऊ लागलं. त्याच दशकात कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी भुलीचं औषध आणि ॲड्रिनॅलिन खूप पातळ करून चरबीत भरण्याची पद्धत आणली. त्यानं रक्तस्राव फारच कमी झाला.

फायदा मोठाच. पण एक गोष्ट पेशंटच्या नजरेआड गेली. बाहेर पाच मिलिमीटरचं छिद्र आणि निप्पलच्या कडेला एक बारीक रेघ. आत मात्र तळहाताएवढ्या भागात कातडी खालच्या स्नायूपासून सुटी केलेली असते. बारीक रक्तवाहिन्या, लसवाहिन्या तुटलेल्या असतात. भुलीच्या औषधामुळे सुरुवातीला दुखत नाही, बधिरपणा तर काही आठवडे राहतो. ॲड्रिनॅलिनचा परिणाम उतरला की आवळलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात, म्हणून पहिले चोवीस तास सर्वांत जोखमीचे. पण आरशात पाहणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही.

पोकळी, नळी आणि तो घट्ट व्हेस्ट

ग्रंथी आणि चरबी काढल्यावर कातडीखाली मोकळी जागा राहते. शरीराला पोकळी चालत नाही; ते ती रक्तानं किंवा पिवळट लसीनं भरून काढतं. रक्त साठलं तर हिमॅटोमा, लस साठली तर सिरोमा.

यावर पहिला उपाय नळीचा. १८५९ मध्ये पॅरिसच्या शासेन्याकनं रबरी नळ्यांचा वापर सविस्तर मांडला. १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काखेतलं गळू कापल्यावर लिस्टरनंही तिथे रबरी नळीचा तुकडा ठेवला होता. पण उघड्या नळीतून जंतू आतही जाऊ शकतात. १९५४ मध्ये फ्रान्समध्ये रेडॉन आणि सहकाऱ्यांनी बंद बाटलीला जोडलेली, सतत हलकेच ओढणारी नळी आणली. आज तुमच्या कमरेला लटकणारा छोटा फुगा किंवा डबा हा त्याच कुटुंबातला. त्यात किती मिलिलिटर जमलं ते रोज लिहून ठेवायला सांगतात, कारण त्या आकड्यावरच नळी कधी काढायची ते ठरतं. सगळ्यांना ती लागतेच असं नाही.

दुसरा उपाय दाबाचा. घट्ट पट्टी जुनीच; आता तिची जागा व्हेस्टनं घेतली आहे. त्यामागे एका इंजिनियरचंही योगदान आहे. अमेरिकेतल्या टोलेडोचे कॉनरॅड जॉब्स्ट यांना पायांच्या शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय दुखायचे थांबतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब खाली जास्त, वर कमी असतो. तसाच मोजूनमापून दाब देणारे मोजे त्यांनी १९५० च्या सुमारास बनवले. पुढे १९७० च्या दशकात भाजलेल्या मुलांच्या जाड व्रणांसाठी मापानं शिवलेले दाबाचे कपडे आले. छातीचा व्हेस्ट त्याच वाटेनं आपल्यापर्यंत आला.

म्हणून ते 'एक बनियन' नाही. सुटी झालेली कातडी स्नायूला पुन्हा चिकटेपर्यंत तिला जागेवर धरून ठेवणारा तो हात आहे. दोन व्हेस्ट घ्या, म्हणजे एक धुता येतो. आणि दोरीवर वाळत घालायला लाजू नका.

झोपून राहा की उठा?

मी हाउसमन होतो तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, हर्नियाचे पेशंट टाके निघेपर्यंत खाटेवरून उतरायला घाबरत. नातेवाईकही उतरू देत नसत. आमच्या वॉर्डातल्या एक वयस्कर सिस्टर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणत, "उठा दादा, खिडकीपर्यंत चला, चहा तिथेच मिळेल."

त्या सिस्टरांच्या मागे इतिहास उभा होता. १८९९ मध्ये शिकागोच्या एमिल रीस यांनी पेशंटना लवकर उठवावं असं लिहिलं, पण कोणी फारसं ऐकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा अपुऱ्या पडू लागल्या, डॅनियल लाइटहाउझर यांच्यासारख्या सर्जननी आग्रह धरला, आणि लवकर चालणाऱ्यांचे टाके उसवत नाहीत हे दिसून आलं. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या इंग्लिश फिजिशियननी अंथरुणाच्या धोक्यांवर एक गाजलेला लेख लिहिला: पायात रक्ताच्या गाठी, छातीत कफ, मलावरोध, खचलेलं मन. पुढे १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी लवकर खाणं, लवकर चालणं आणि नेमकं वेदनाशमन यांची पद्धतशीर सांगड घातली.

म्हणून सल्ला दुहेरी आहे आणि पेशंटचा गोंधळ इथेच होतो. पायांनी चालायचं, तेही त्याच दिवशी. छातीच्या स्नायूंनी मात्र थांबायचं. चालणं म्हणजे व्यायाम सुरू करायची परवानगी नव्हे.

सिगारेटबद्दल

१९८४ मध्ये न्यूयॉर्कचे थॉमस रीस आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्याची कातडी ताणण्याच्या ऑपरेशनचे पेशंट तपासले. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कातडीचा भाग मरण्याचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त निघालं. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. तुमच्या ऑपरेशनमध्ये निप्पल अशाच बारीक वाहिन्यांवर जगत असतं. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे सिगारेट, विडी, व्हेप, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद. या बाबतीत "एखादी चालेल का" याला उत्तर नाही असंच आहे.

आज हे सगळं एकत्र आणलं तर

तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. त्यांनी आत काय केलं ते त्यांनाच माहीत. साधारण चित्र असं:

- पहिला दिवस: बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. घरात चालणं सुरू. रात्री सोबतीला कोणीतरी हवंच. डोक्याकडची बाजू थोडी उंच करून उताणं झोपा.
- पहिला आठवडा: व्हेस्ट दिवसरात्र. दुखण्यावर लिहून दिलेल्या गोळ्या. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मनानं आणलेल्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. बैठं काम असेल तर चार-सात दिवसांत ऑफिस. दुखत असेपर्यंत गाडी चालवू नका.
- दुसरा-तिसरा आठवडा: व्हेस्ट चालूच. जांभळे डाग पिवळे होत जातात. भरभर चालणं चालेल.
- चौथा ते सहावा आठवडा: व्हेस्ट किती तास ते सर्जन सांगतील. धावणं हळूहळू. दंड-बैठका, पुशअप, वजनं, पोहणं, ढोल, क्रिकेटची गोलंदाजी हे सगळं सहा आठवड्यांनंतर, विचारून.
- तीन ते सहा महिने: सूज पूर्ण ओसरते, खरा आकार तेव्हा दिसतो. पहिल्या महिन्यात आरशासमोर निकाल लावू नका. निप्पलमागे कडक लागणं बहुधा आतला व्रण असतो, तो मऊ होतो. व्रणाला ऊन लागू देऊ नका.

ताबडतोब सर्जनला फोन करा: एक बाजू अचानक फुगली किंवा टणक झाली, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, ताप आला, लाली पसरू लागली, पू आला, निप्पल काळंनिळं दिसू लागलं. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागू लागला तर फोनवर वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

काढलेल्या ग्रंथीचा तपासणी अहवाल जपून ठेवा. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. स्तनाच्या सगळ्या कर्करोगांत त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास, पण शून्य नाही.

आणि मुळात ऑपरेशनच्या आधी फिजिशियनला भेटा. वयात येणाऱ्या मुलांमधली वाढ बहुधा दोन वर्षांत आपोआप कमी होते. काही औषधं, दारू, यकृताचे किंवा थायरॉईडचे आजार, अंडकोषातली गाठ, जिममध्ये मिळणारी स्टिरॉईड्स ही कारणंही असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धकैद्यांच्या छावण्यांतून सुटलेल्या उपाशी सैनिकांना पोटभर अन्न मिळू लागल्यावर छाती वाढल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं होतं. छाती ही शरीरातल्या हार्मोन्सचा आरसा आहे. मूळ कारण तसंच राहिलं तर ऑपरेशन करूनही ती पुन्हा वाढू शकते.

त्या मुलाचं काय झालं

मी त्याच्यासमोरच त्याच्या सर्जनना फोन लावला. त्याच रात्री सुईनं रक्तमिश्रित पाणी काढलं गेलं, पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. व्हेस्ट पुन्हा चढला. आकार नीट राहिला, पण ते थोडक्यात निभावलं.

त्या संध्याकाळी मी त्याला एवढंच म्हणालो, की पुढचे पाच आठवडे हे लपवून जमणार नाही, घरात एकाला तरी सांग. तो बराच वेळ गप्प बसला. मग वडिलांना फोन केला आणि ते दवाखान्यात आले. मला वाटलं चिडतील. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, मी गावच्या विहिरीत पोहायला शर्ट घालूनच उतरायचो. पोरं हसायची. तुला का नाही सांगितलं मी कधी?"

दुसऱ्या दिवसापासून व्हेस्ट घरच्या दोरीवर वाळत होता. त्या वर्षी तो मिरवणुकीत ढोल न घेता ध्वजामागे नुसता चालला. यंदा विसर्जनाला पाऊस होता. सगळ्या पथकाचे कुर्ते अंगाला चिकटलेले, त्याचाही. मी कोपऱ्यावर उभा होतो. त्यानं मला पाहिलं आणि टिपरू उंचावलं.

(मुलाच्या आणि वडिलांच्या परवानगीनं ही हकिगत लिहिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)